पीडीएफ-ए होत नाही, म्हणजे नेमकं कुठे अडतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका पेठेतल्या वाचनालयाचे जुने दिवाळी अंक आणि वार्षिक अहवाल तुम्ही स्कॅन केलेत. ओसीआरमायपीडीएफ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून त्यांची शोधता येईल आणि पुढे अनेक वर्षं उघडेल अशी पीडीएफ-ए प्रत तुम्हाला करायची आहे. बऱ्याच फाइली नीट होतात, पण काहींच्या शेवटी ‘पीडीएफ-ए रूपांतर झालं नाही’ असा निरोप येतो. काही फाइली काही तक्रार न करता पार पडतात, पण त्यांत ‘ऱ्हास’ शोधला तर एकदाही सापडत नाही, पानावर मात्र तो शब्द डोळ्यांना दिसतो. आता सॉफ्टवेअरच बदलावं का, असं तुम्ही विचारलंय.

बदलू नका. दुसरं सॉफ्टवेअर घेतलंत तरी याच फाइली पुन्हा अडतील, कारण दोष बहुतेक वेळा फाइलीतच असतो. फक्त तो शेवटच्या पायरीवर उघडा पडतो. मी पंधरा वर्षं हेच काम करतेय आणि अजूनही असा निरोप आला की आधी एकच गोष्ट करते: ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणं, आणि पीडीएफ-ए ही दोन कामं वेगळी करते.

ती वेगळी का करायची, हे कळायला आत काय चालतं ते माहीत हवं. ओसीआरमायपीडीएफ हा एक मुकादम आहे. अक्षरं ओळखण्याचं काम टेसरॅक्ट करतं आणि ओळखलेला मजकूर पानाच्या चित्रावर अदृश्य थर म्हणून बसवला जातो. त्यानंतर सगळी फाइल घोस्टस्क्रिप्टकडे जाते आणि ते तिला पीडीएफ-एच्या नियमांत बसवतं. तुम्हाला दिसणारा निरोप या शेवटच्या टप्प्यावरचा आहे. तो आला तरी फाइल तयार झालेली असते, तिच्यात ओळखलेला मजकूर असतो, फक्त तिला पीडीएफ-ए म्हणता येत नाही. आज्ञा संपताना परत येणारा आकडा १० असेल तर नेमकं हेच झालंय. म्हणजे रात्रभर चाललेलं ओसीआर वाया गेलेलं नाही, ते पुन्हा करू नका. पुढच्या वेळी आउटपुटचा प्रकार साधा पीडीएफ सांगून ओसीआर उरका, आणि त्या तयार फाइलवर ‘स्किप टेक्स्ट’ (मजकूर असलेली पानं ओसीआरमधून वगळण्याचा पर्याय) लावून पीडीएफ-एचं रूपांतर वेगळं चालवा. दुसरी पायरी काही मिनिटांची असते, त्यामुळे ती दहा वेळा करून पाहता येते.

आकडा ६ आला तर फाइलीत आधीच मजकूर आहे, ८ आला तर फाइलीला कुलूप आहे. या दोन्हींत पीडीएफ-एचा काही संबंध नाही, तरी लोक त्यांना एकाच पिशवीत टाकतात. कुलूप असेल, आणि फाइल तुमच्याच संस्थेची असेल, तर क्यूपीडीएफ या मोफत साधनाने ते काढा. पीडीएफ-एत कुलूपबंद फाइल चालतच नाही.

आता दोषी पान शोधायचं. यासाठी माझी पद्धत जुनीच आहे: फाइलीचे दोन भाग करायचे आणि दोन्ही वेगळे चालवायचे. जो भाग अडेल त्याचे पुन्हा दोन. २५६ पानांचा अंक असेल तर आठ वेळा निम्मं केलं की एका पानावर येऊन थांबता. एका दिवाळी अंकाच्या बाबतीत मी अशीच खाली खाली येत गेले. सोळापानी फर्म्याचा अंक होता, आतला मजकूर सगळा सरळ, एकसारखा. पहिला अर्धा भाग अडला, मग त्याचा पहिला अर्धा, मग पुन्हा पहिला, आणि शेवटी हातात राहिलं ते मुखपृष्ठ. मुखपृष्ठ स्कॅन केलेलंच नव्हतं. वाचनालयाकडे त्याची प्रत फाटलेली होती म्हणून कुणीतरी छापखान्याकडून मूळ पीडीएफ आणून पुढे जोडली होती. ती छपाईच्या चार रंगांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये होती, आणि चित्रावर अर्धपारदर्शक पट्टीत अंकाचं नाव होतं. उरलेली २५५ पानं आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या तीन रंगांत. पीडीएफ-एला फाइलीतले रंग कोणत्या प्रमाणावर वाचायचे हे आतच लिहिलेलं लागतं. आरजीबीचं प्रमाण लावलेल्या फाइलीत मोकळे सीएमवायके रंग आले की ती नियमात बसत नाही. रंगरूपांतराच्या पर्यायात आरजीबी सांगितलं आणि तेच पान दोन सेकंदांत पार पडलं.

तुमच्या फाइलींतही मी आधी हेच पाहीन: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, आर्ट पेपरवरच्या जाहिराती, नंतर जोडलेलं शुद्धिपत्र. जिथे पानाची वाट बाकीच्यांपेक्षा वेगळी होती तिथेच फाइल अडते.

निम्मं करत बसण्याआधी व्हेरापीडीएफ मात्र नक्की चालवा. पीडीएफ-ए तपासणारं हे मुक्त साधन आहे आणि ते नुसतं ‘नापास’ न म्हणता कुठलं कलम मोडलं आणि कुठल्या पानावर, ते सांगतं. पीडीएफ-ए-२ साठी तपासताना ६.२.४.३ आलं तर रंगाची भानगड, ६.२.११ ने सुरू होणारं काही आलं तर फॉन्टची, आणि ६.१.१३ आलं तर फाइल मर्यादेबाहेर गेली आहे. हा अहवाल इंग्रजीत आणि वकिली भाषेत असतो, पण कलमाचा आकडा पाहिला की पुरतं.

घोस्टस्क्रिप्टची एक सवय इथे माहीत असलेली बरी. पीडीएफ-एत न बसणारी गोष्ट सापडली की काय करायचं, यासाठी त्याच्याकडे तीन धोरणं आहेत. मुळात ठरलेलं धोरण असं, की ती गोष्ट तशीच ठेवायची, इशारा द्यायचा आणि साधी पीडीएफ बनवायची. दुसऱ्यात ती गोष्ट वगळून पीडीएफ-ए बनतं. तिसऱ्यात काम तिथेच थांबतं. काही जण वैतागून दुसरं धोरण लावतात, कारण त्यात निरोप येणं बंद होतं. दप्तरी प्रतीसाठी मी ते कधीच वापरत नाही. काय वगळलं गेलं ते नंतर कुणाला कळणार नाही, आणि आपण तर जपण्यासाठीच हा सगळा खटाटोप करतोय.

कोणतं पीडीएफ-ए निवडायचं, हाही प्रश्न तुमच्या अडचणीत दडलेला आहे. तुम्ही कुठल्याशा जुन्या सूचनापत्रावरून ‘पीडीएफ-ए-१’ सक्तीने लावल्याचं लिहिलंय. आयएसओ १९००५ चा हा पहिला भाग २००५ चा, पीडीएफ १.४ वर आधारलेला. त्यात पारदर्शकता चालत नाही आणि जेपेग २००० ने दाबलेली चित्रंही चालत नाहीत. पण अलीकडची बरीच स्कॅन सॉफ्टवेअर फाइल लहान करायला नेमकं हेच दोन्ही वापरतात: पार्श्वभूमी एका थरात, अक्षरं दुसऱ्या थरात, वर पारदर्शक मुखवटा. अशी फाइल भाग १ मध्ये कोंबायची म्हणजे सगळी चित्रं उलगडून पुन्हा दाबायची, आणि त्यात दर्जा जातो. २०११ च्या दुसऱ्या भागात या दोन्ही गोष्टींना परवानगी आहे. कुणी लेखी अट घातलेली नसेल तर सरळ पीडीएफ-ए-२बी करा. तुमच्या अडलेल्या फाइलींपैकी निम्म्या तरी एवढ्याने सुटतील, असा माझा अंदाज आहे. २०१२ चा तिसरा भाग आत कुठलीही फाइल जोडू देतो, पण त्याची तुम्हाला गरज नाही. मूळ स्कॅन शेजारच्या फोल्डरमध्येच राहू देत.

मर्यादेच्या कलमाचं एक उदाहरण सांगते, कारण पुण्यात असे कागद घरोघरी निघतात. एका कुटुंबाच्या वंशावळीचा पट स्कॅन होऊन आला होता, दहा फूट लांब, गुंडाळीचा. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन स्कॅन केलेला, म्हणून लांबीत ३६,००० पिक्सेल. पण मधल्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने चित्र जतन करताना डीपीआयची नोंद पुसली आणि पीडीएफ बनताना ७२ धरले गेले. ३६,००० भागिले ७२, म्हणजे पान ५०० इंच लांब झालं. पीडीएफ-ए-२ मध्ये पानाची कुठलीही बाजू १४,४०० एककांपेक्षा, म्हणजे २०० इंचांपेक्षा मोठी चालत नाही. स्क्रीनवर पट अगदी सुरेख दिसत होता, त्यामुळे दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. चित्रात ३०० डीपीआयची नोंद परत लिहिली, लांबी १२० इंचांवर आली आणि काम झालं. तुमच्या फाइली उघडून पानाचा आकार बघा. दिवाळी अंकाचं पान ३४ इंच रुंद दिसत असेल तर हाच रोग आहे. मर्यादेत बसल्यामुळे तो अडत नाही, पण ओसीआरचा दर्जा मात्र बिघडवतो.

जागेचंही बघा. ६०० डीपीआयचं रंगीत ए-४ पान उलगडलं की सुमारे १०४ एमबी होतं, ३०० पानं म्हणजे ३१ जीबीच्या आसपास. ३०० डीपीआयला त्याच्या चौथाई. तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर भरलं की घोस्टस्क्रिप्ट मधेच कोसळतं आणि निरोप मात्र रूपांतराचाच वाटतो. मोठ्या फाइलीच अडत असतील आणि लहान सगळ्या पार होत असतील तर आधी तात्पुरतं फोल्डर मोठ्या डिस्कवर हलवा आणि एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या कमी करा.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पीडीएफ-ए-२बी पास झालं म्हणजे फाइल पुढेही आज दिसते तशीच दिसेल. तिच्यातला मजकूर बरोबर आहे, असं हे प्रमाणपत्र म्हणतच नाही. मराठीत या दोन्हींतलं अंतर फार मोठं आहे.

तुमचे १९९० नंतरचे अहवाल स्कॅन केलेले नसून डीटीपीवाल्याकडून आलेल्या पीडीएफ आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यातली एक फाइल उघडा, दोन ओळी निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या चिन्हांची खिचडी आली तर तो मजकूर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या धाटणीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला आहे. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. संगणकाच्या दृष्टीने तिथे मराठी नाहीच, काना वेगळा, मात्रा वेगळी, ऱ्हस्व वेलांटी तर दिसते त्या क्रमाने अक्षराच्या आधी. छपाईसाठी ती व्यवस्था उत्तम होती आणि पुण्यातली कितीतरी पुस्तकं त्यावरच निघाली. पण शोधायला तिचा उपयोग नाही.

आणि इथेच सॉफ्टवेअर फसतं. त्याला वाटतं पानावर मजकूर आहेच, मग ओसीआर कशाला. ‘स्किप टेक्स्ट’ लावलंत तर ते पान सोडून देतं. ‘रीडू’ लावलंत तरी उपयोग नाही, कारण तो पर्याय फक्त आधीचा अदृश्य थर काढून नवा टाकतो, दिसणाऱ्या मजकुराला तो खराच धरतो. व्हेरापीडीएफही काही म्हणणार नाही. अगदी पीडीएफ-एची ‘यू’ पातळी, जिथे प्रत्येक अक्षराला युनिकोड क्रमांक हवा असतो, तीही अशी फाइल पार करू शकते, कारण क्रमांक आहे की नाही एवढंच तिथे बघतात. तो चुकीच्या अक्षराचा आहे हे बघायला माणूसच लागतो.

यावर माझा उपाय म्हणजे ‘फोर्स’ पर्याय. पान चित्रात बदलून त्यावर नव्याने ओसीआर. रिझोल्युशन किमान ३०० सांगा. चित्र झाल्यावर फाइल जड होते आणि अक्षरांची धार थोडी जाते, म्हणून डीटीपीची मूळ पीडीएफ हलवू किंवा पुसू नका, तीही जपायची वस्तू आहे. जुन्या फॉन्टाचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये नेण्याचा मार्गही आहे, पण फॉन्टाची नेमकी आवृत्ती माहीत असेल तरच. स्वच्छ छापलेल्या पानावर ओसीआर मला जास्त भरवशाचं वाटतं.

‘ऱ्हास’ न सापडण्याचं कारण बहुधा याहून बारीक आहे. पानावरचा तो ऱ्ह संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे. शोधणाऱ्या खिडकीला ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण लावलं तरी ते एक होत नाहीत. ‘दऱ्या’, ‘पुढाऱ्यांनी’, ‘वऱ्हाड’ सगळ्यांचं हेच. ‘ॲ’चं तर आणखी पुढचं: ॲ, ऍ आणि अ वर चंद्र, असे तीन प्रकार चालतात. ॲला स्वतःची जागाच २००८ मध्ये मिळाली, त्याआधीचा सगळा टंकलेला मजकूर दुसऱ्या दोन प्रकारांत आहे.

तपासायची रीत सोपी आहे. पानावर दिसणारा तो ‘ऱ्हास’ माउसने निवडा, कॉपी करा आणि शोधायच्या खिडकीत चिकटवा. चिकटवून सापडला पण टंकून सापडत नाही, तर ओसीआर बरोबर आहे, फक्त लिहिण्याची तऱ्हा वेगळी. चिकटवल्यावर ‘हास’ किंवा ‘प्हास’ असं काही उमटलं, तर टेसरॅक्टने अक्षर चुकीचं वाचलंय. पहिल्या बाबतीत पीडीएफच्या आतला थर ढवळू नका. ओसीआर करतानाच ‘साइडकार’ पर्यायाने मजकुराची वेगळी फाइल काढा, त्या फाइलीत सगळे ऱ आणि ॲ एका तऱ्हेचे करून घ्या आणि वाचनालयाचा शोध तिच्यावर चालवा. फक्त ओसीआरने वगळलेल्या पानांचा मजकूर साइडकारमध्ये येत नाही, हे ध्यानात असू द्या.

दुसऱ्या बाबतीत भाषेचा पर्याय बघा. नुसती मराठी लावा. ‘मराठी अधिक इंग्रजी’ ही जोडी जाहिरातींच्या पानांसाठी ठीक आहे, पण निव्वळ मराठी पानावर ती सुट्या कान्यांना आणि दंडांना इंग्रजी अक्षर समजायला लागते.

डाग पडलेल्या पानांबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. त्या पाण्यात भिजून वाळलेली पुस्तकं आजही स्कॅनला येतात, तपकिरी लाटा पानभर. टेसरॅक्ट आधी पान काळं-पांढरं करून घेतं, आणि ठरलेल्या पद्धतीत सबंध पानाला उजेड-अंधाराची एकच रेष लावतं. मग डागातली अक्षरं काळोखात बुडतात. पाचव्या आवृत्तीपासून सोव्होला नावाची पद्धत मिळते. ती जागेजागेप्रमाणे रेष बदलते, त्यामुळे अशा पानांना तीच लावा. ‘क्लीन’ पर्यायही वापरा, तो फक्त ओसीआरसाठी पान साफ करतो. ‘क्लीन फायनल’ मात्र नको, तो साफ केलेलं चित्रच अंतिम प्रतीत टाकतो. डागही त्या पुस्तकाचा इतिहास आहे.

याच भावनेने जेबिग-२ या काळ्या-पांढऱ्या चित्रं दाबण्याच्या तंत्राच्या क्षयी (लॉसी, म्हणजे मूळ तपशील गमावणाऱ्या) प्रकारापासून दूर राहा. तो सारखी दिसणारी अक्षरं एकच समजून एकाच्या जागी दुसरं छापतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकाने एका स्कॅनिंग यंत्राच्या प्रतींत ६ च्या जागी ८ आल्याचं दाखवलं, ते याच तंत्रामुळे. आपल्याकडे घ आणि ध, ब आणि व यांची अदलाबदल झाली तर चित्र पाहूनही खरं काय होतं ते कळणार नाही. अंकात हिशोबाची पानं असतील तर हा धोका अजिबात पत्करू नका.

एका अहवालाला जोडलेली मोडी पानं आहेत, त्यांवर ओसीआर चालवू नका. टेसरॅक्टच्या अधिकृत भाषांत मोडी नाही. मराठी लावली तर ते मोडीच्या वळणांतून देवनागरीसारखं काहीतरी रचून देतं, आणि तो खोटा मजकूर पुढे कुणाच्या शोधात सापडतो. ती पानं नुसती चित्रं म्हणून राहू द्या, आणि कागद कशाबद्दल आहे, साल कोणतं, कुणी वाचला, हे वाचनालयाच्या नोंदवहीत हाताने लिहून ठेवा.

आता अडलेल्यांपैकी सगळ्यात लहान फाइल घ्या, भाग २बी लावून पुन्हा चालवा आणि तरी अडली तर व्हेरापीडीएफच्या अहवालातलं कलम आणि पान क्रमांक मला कळवा. त्या पानाचा मूळ स्कॅन कुठल्या यंत्रावर झाला, की ते बाहेरून आलं, तेही लिहा. पुढचं त्यावरून सांगते.